रंगाला अडवणारी रेघ

टोकियोच्या राष्ट्रीय संग्रहालयात पांढऱ्या रेशमाचा एक कोसोदे जपून ठेवलेला आहे. कोसोदे म्हणजे आजच्या किमोनोचं जुनं रूप. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला ओगाता कोरिन या चित्रकाराने एदोतल्या, म्हणजे आजच्या टोकियोतल्या, फुयुकी नावाच्या एका लाकूड-व्यापाऱ्याच्या घरासाठी तो रंगवला. शेवंती, गवताचे तुरे, शरदातली रानफुलं, सगळं थेट कुंचल्याने उतरवलेलं. पाठीवर आणि घेराशी फुलं दाटलेली, आणि जिथे कमरपट्टा म्हणजे ओबी बांधला जाणार तिथे चित्र विरळ. कोरिन (१६५८–१७१६) कापडवाल्याच्याच घरात जन्मला होता. क्योतोतलं त्याचं वडिलार्जित दुकान राजघराण्यातल्या स्त्रियांना वस्त्रं पुरवत असे. त्यामुळे अंगावरच्या चित्राला कुठे थांबायचं असतं, हे त्याला कुणी शिकवावं लागलं नसणार.

हा कोसोदे पाहिला की हाताने रंगवलेलं रेशीम म्हणजे चित्रकाराने कागदाऐवजी कापड घेतलं, एवढीच गोष्ट आहे असं वाटतं. कोरिननंतर इतरांनीही तसे कोसोदे रंगवले. साकाई होइत्सुने रंगवलेला लाल प्लमच्या बहराचा कोसोदे आजही आहे. पण जपानमध्ये लग्नसमारंभांना जे किमोनो नेसले जातात, त्यांची मुख्य परंपरा या वाटेने गेली नाही. तिने फार लांबची, कष्टाची आणि अनेक हातांची वाट धरली. तिचं नाव युझेन. रंगीत फुलांचा, बगळ्यांचा, वाहत्या पाण्याचा जो किमोनो आपण चित्रपटांत आणि छायाचित्रांत पाहतो, तो बहुतेक वेळा युझेनचा असतो किंवा युझेनची छापील नक्कल असतो.

ही लांबची वाट धरावी लागली ती रेशमाच्या स्वभावामुळे. ओला रंग रेशमावर टेकवला की तो धाग्याधाग्यातून पळतो. पाकळीची कड राहत नाही, डाग पसरतो. थेट रंगवणाऱ्याला त्यामुळे शाईसारखे पातळ रंग जपून वापरावे लागतात, किंवा कापडावर बसून राहणारे दाट रंग घ्यावे लागतात. दाट रंग घडीवर तडकतात, घासून झडतात. किमोनो ही तर वापरायची वस्तू आहे. जुन्या पद्धतीत तो पूर्ण उसवून, तुकडे सुटे करून धुतला जाई आणि पुन्हा शिवला जाई. त्या धुण्यात टिकायचा तर रंग धाग्याच्या आत मुरायला हवा, आणि आत मुरतानाही चित्रकाराने आखलेल्या हद्दीत राहायला हवा. या दोन्ही मागण्या एकदम पुऱ्या करणारी युक्ती म्हणजे खळीची रेघ. आधी चिकट तांदळाच्या खळीने चित्राची प्रत्येक कड आखायची, मग त्या बांधांच्या आत रंग भरायचा. शेवटी खळ धुऊन काढली की तिच्या जागी रेशमाची मूळची पांढरी रेघ उरते, दोऱ्याएवढी बारीक.

युझेनचा सगळा आढावा घेताना मला हीच रेघ निर्णायक वाटते. रंग बदलले, साधनं बदलली, नक्षी बदलली, तरी रंगाला कुठे अडवायचं हे ठरवणारा हात या कलेच्या मध्यभागी राहिला. आणि तो हात कौतुकाच्या वाट्याला सगळ्यांत कमी आला आहे.

युझेनच्या उगमाची एक लोकप्रिय कथा आहे. १६८३ मध्ये शोगुनच्या, म्हणजे लष्करी शासकाच्या, सरकारने स्त्रियांच्या वस्त्रांवरचं जरीचं काम, भरतकाम आणि सबंध कापडभर केलेली बारीक बांधणी यांवर बंदी घातली. श्रीमंत व्यापाऱ्यांच्या घरच्या बायका सरदारघराण्यांपेक्षा भारी नेसू लागल्या होत्या, हे त्यामागचं दुखणं. मग नवा मार्ग हवाच होता आणि मियाझाकी युझेनसाई नावाच्या माणसाने तो शोधला, असं सांगतात. युझेनसाई क्योतोमध्ये चिओन-इन मंदिराजवळ पंखे रंगवणारा कलावंत होता. त्याचे पंखे इतके चालत की इहारा साइकाकुच्या १६८२ च्या कादंबरीत त्यांचा उल्लेख आला. १६८८ मध्ये त्याच्या नावाचं वस्त्रनक्षींचं पुस्तकही निघालं.

मला ही कथा अर्धीच पटते. खळीने रंग अडवण्याची रीत त्याच्या आधीपासून होती. बंदी आली त्याआधीच, १६६० च्या दशकात, नक्षींची छापील पुस्तकं बाजारात आली होती. त्यांत कोसोदेची पाठ काढलेली असे आणि कुठला रंग, कुठलं तंत्र याच्या सूचना शेजारी लिहिलेल्या असत. म्हणजे वाचता येणारं, निवड करणारं, ऐपत असलेलं गिऱ्हाईक तयार होतं आणि तंत्रही हाताशी होतं. युझेनसाईने त्यात भर घातली ती चित्रकाराच्या नजरेची. पंख्याच्या लहानशा जागेत हलकं, खेळकर चित्र बसवायची सवय त्याने कापडावर आणली, आणि बाजाराने त्याचं नाव त्या सबंध तंत्राला चिकटवलं. तंत्राचा शोध लावणारे रंगारी अनामच राहिले. पुढच्या तीनशे वर्षांत हेच पुन्हा पुन्हा घडत आलं आहे.

आता कामाकडे वळू. इथे घाई करून चालणार नाही, कारण युझेनचं सौंदर्य तिच्या क्रमात आहे.

सुरुवात पांढऱ्या रेशमापासून होते. त्यातलं नावाजलेलं कापड म्हणजे क्योतो प्रांताच्या उत्तरेकडचं तांगोचं चिरिमेन. १७२० पासून तिथे ते विणलं जातं. पीळ दिलेल्या बाण्यामुळे त्याच्यावर बारीक चुण्यांचा पोत येतो, आणि त्या पोतामुळे रंगाला खोली मिळते. तागा सुमारे १२ ते १३ मीटर लांब आणि जेमतेम ३७-३८ सेंटिमीटर पन्ह्याचा. एका किमोनोला एक तागा पुरतो. तो सरळ आठ तुकड्यांत कापला जातो आणि कापड वाया जात नाही.

भारी किमोनोच्या बाबतीत हा पांढरा तागा आधी कापून, कच्च्या धाग्याने किमोनोच्या आकारात शिवला जातो. मग चित्रकार त्यावर नक्षीचा कच्चा आराखडा काढतो. असं करावं लागतं कारण चित्र शिवणींवरून ओलांडून जाणार असतं. डाव्या घेरावर सुरू झालेली फांदी पाठीच्या शिवणीवरून उजवीकडे जाईल, खांद्यावरून बाहीवर उतरेल. शिवण तिथे चित्राला तोडता कामा नये. आराखडा झाला की सगळं उसवून पुन्हा सुटे तुकडे. हे सुटे तुकडे वेगवेगळ्या हातांतून, वेगवेगळ्या दिवशी, वाफेतून आणि पाण्यातून जातील आणि शेवटी शिवताना फांदीला फांदी जुळायला हवी. होमोंगी, फुरिसोदे, तोमेसोदे या सगळ्या औपचारिक प्रकारांची खूण म्हणजे ही जुळणी.

कच्चा आराखडा काढायला जी निळी शाई वापरतात ती आओबाना नावाच्या फुलाची. शिगा प्रांतातल्या कुसात्सु गावाची ही खास शेती. भर उन्हाळ्यात पहाटे पाकळ्या खुडायच्या, रस काढायचा, तो जपानी कागदावर थरावर थर चढवून वाळवायचा. चित्रकार त्या कागदाचा तुकडा पाण्यात भिजवून निळा रंग मिळवतो. त्याचा गुण असा की काम झाल्यावर पाण्याने तो समूळ निघून जातो. उन्हातल्या कष्टांमुळे या फुलाला तिथे नरकफूल म्हणत. आज ते पिकवणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरले आहेत आणि रासायनिक शाईने त्याची जागा घेतली आहे.

मग येते खळ. चिकट तांदळाचं पीठ आणि कोंडा एकत्र करून वाफवतात, मळतात, त्यात चुना आणि मीठ घालतात. मीठ खळीला ओल धरून ठेवायला लावतं, म्हणजे ती वाळून तडकत नाही. दमट दिवशी आणि कोरड्या दिवशी मिठाचं प्रमाण वेगळं. ही खळ भरतात ती कच्च्या पर्सिमॉन फळाच्या रसाने कडक केलेल्या कागदाच्या शंकूत. टोकाला धातूची बारीक नळी असते. बोटांच्या दाबाने खळ बाहेर येते आणि कारागीर आराखड्याच्या निळ्या रेघेवरून तिचा धागा सोडत जातो. पाकळीच्या टोकाशी रेघ निमुळती होते, देठाशी जाड. दाब क्षणभर कमी-जास्त झाला तर गाठ येते किंवा फट राहते, आणि फट राहिली तर तिथून रंग पलीकडे जातो. हे काम पुसून पुन्हा करता येण्यासारखं नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर रबराची खळही रुळली. ती अधिक बारीक, अधिक काटेकोर रेघ देते. तांदळाच्या खळीची रेघ किंचित मऊ असते, तिच्या कडेला श्वास असल्यासारखा वाटतो. दोन्ही शेजारी ठेवल्या तर माझा कौल तांदळाकडे जातो. पण रबराच्या खळीने काम करणाऱ्याचं कसब त्यामुळे कमी ठरत नाही.

खळ बसली की कापडावर समुद्रशेवाळाचा चीक आणि सोयाबीनचं दूध फिरवतात. त्यामुळे रंग एकसारखा शोषला जातो आणि खळ पक्की धरते. बांबूच्या लवचिक काड्या, दोन्ही टोकांना सुया असलेल्या, पन्ह्यात आडव्या अडकवून कापड ताणलेलं ठेवतात. मग रंग भरणं. कारागीर मंद शेगडीच्या वर कापड धरून बारीक कुंचल्यांनी एकेक कप्पा भरतो. एका कुंचल्यात रंग, दुसऱ्यात नुसतं पाणी, आणि दोन्हींच्या मधून पाकळीत गडदापासून फिक्याकडे जाणारी छटा उगवते. जपानीत तिला बोकाशी म्हणतात. इथे एक अडचण अशी की या वेळी दिसणारा रंग खरा नसतो. वाफवल्यावर तो बदलतो, खुलतो, कधी एका छटेने सरकतो. रंग मिसळणारा माणूस समोर दिसणाऱ्या रंगाला नव्हे, तर अजून न दिसणाऱ्या रंगाला धरून काम करत असतो. एका फुरिसोदेला पंचवीस-तीस छटा लागल्या तर त्या सगळ्यांचं उद्याचं नातं त्याच्या डोक्यात असावं लागतं.

चित्र भरून वाफवलं की ते सगळं पुन्हा खळीखाली गाडलं जातं. आता जाड खळ, पूर्ण फुलावर, पूर्ण पक्ष्यावर, वर लाकडाचा भुसा. कारण पार्श्वभूमीचा रंग चढवायचा असतो. तुकडे टोकाला टोक शिवून पुन्हा एक लांब पट्टी केली जाते, ती खांबांमध्ये ताणली जाते, आणि रंगारी रुंद कुंचल्याने एका दमात ती रंगवत जातो. मध्ये थांबला तर थांबल्याची रेघ कायमची उमटते. पुन्हा वाफ. मग धुणं. वाहत्या पाण्यात खळ, भुसा, जादा रंग सुटून जातात आणि सगळे थर निघाल्यावर पहिल्यांदा चित्र पूर्ण दिसतं. पूर्वी हे क्योतोच्या कामो नदीत आणि कानाझावाच्या असानो नदीत होई. रंगीत पट्ट्या नदीत सोडलेल्या दिसत, आणि पर्यटकांना ते दृश्य अजूनही हवं असतं. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला जलप्रदूषणाचे कायदे आल्यावर क्योतोत ते थांबलं. आता काम हौदांत होतं. नदीचं नुकसान टळलं हे चांगलंच झालं. त्या दृश्याबद्दलच्या हळहळीत मला भाग घ्यावासा वाटत नाही.

त्यानंतर वाफेवर पन्हा सरळ करणं, सोन्याचा वरख किंवा भुकटी लावणं, एखाद्या पाकळीवर भरतकामाचे दोन टाके, कुलचिन्ह काढणं, शिवण. कुलचिन्हाची जागा सुरुवातीलाच खळीने राखून ठेवलेली असते. त्या पांढऱ्या गोलात बांबूच्या कंपासाने आणि केसाएवढ्या कुंचल्याने चिन्ह रंगवणारा वेगळा कारागीर असतो. तो दुसरं काहीच करत नाही.

एवढं सगळं कशासाठी, हे कळायला किमोनोचा शिष्टाचार थोडा पाहावा लागतो. पैठणीला मानाचं वस्त्र मानणाऱ्या मराठी वाचकाला त्यातली एक गोष्ट उलटी वाटेल. आपल्याकडे नक्षी विणलेली असणं हा वस्त्राचा मान. जपानी औपचारिक पेहरावात किमोनो रंगवलेला हवा आणि ओबी विणलेला. धागे आधी रंगवून विणलेले ओशिमाचे किंवा युकीचे किमोनो कितीही महाग असोत, लग्नात ते नेसत नाहीत. सगळ्यांत वरच्या पायरीवर विवाहित स्त्रीचा काळा तोमेसोदे. पाच पांढरी कुलचिन्हं, वरचा भाग निखळ काळा, आणि चित्र फक्त घेराशी. लग्नात वधूवरांच्या आया तो नेसतात. अविवाहित तरुणीचा फुरिसोदे मात्र मीटरभराहून लांब बाह्यांचा आणि अंगभर चित्राचा. दर जानेवारीच्या दुसऱ्या सोमवारी, सज्ञान होण्याच्या समारंभाला, गावोगावी मुली तो नेसतात. होमोंगी मधल्या पायरीवरचा, तैशो काळात म्हणजे १९१२ ते १९२६ मध्ये रुळलेला. सणासमारंभाला, चहाच्या विधीला, भेटीगाठींना विवाहित आणि अविवाहित दोघीही तो नेसतात.

काळा तोमेसोदे मला या सगळ्यांत श्रेष्ठ वाटतो. चित्राला इतकी कमी जागा आणि इतकी सक्त बंधनं, की कारागिराला लपायला वाव नाही. आई उभी असते तेव्हा घेरावरची पाइन वृक्षांची रांग शांत दिसते. ती गुडघ्यांवर बसते तेव्हा ते चित्र जमिनीला टेकतं, दुमडतं, अर्धं लपतं. आजकाल लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयासारख्या ठिकाणी किमोनोंची मोठी प्रदर्शनं होतात. २०२० मध्ये तिथे झालेलं प्रदर्शन खूप गाजलं. तिथे वस्त्र दांड्यावर बाह्या पसरून लावलेलं असतं, भिंतीवरच्या चित्रासारखं सपाट. तसं पाहण्याने नक्षी कळते, पण अंगावर ते चित्र एकदम पूर्ण कधीच दिसत नाही. चालताना डाव्या घेराची कड उघडते, बाही हलते, पाठ वळते. चांगला युझेन कलावंत हे तुकड्यातुकड्याने दिसणं गृहीत धरून नक्षी बेततो. कोरिनने कमरेपाशी सोडलेली मोकळी जागा त्याच जाणिवेतली होती.

युझेनची तीन मोठी घराणी मानली जातात. क्योतोचं काम सर्वांत झगमगीत. त्यात सोनं आहे, भरतकाम आहे, राजदरबारचे पंखे, बैलगाड्या, फुलांच्या परड्या आहेत. छटा बहुधा आतून बाहेर फिकट होत जाते. कानाझावाचं कागा युझेन याच्या उलट. सोनं आणि भरतकाम जवळजवळ नाही. किरमिजी, निळा, गेरूपिवळा, गवती हिरवा आणि जुना जांभळा ही पाच रंगांची बैठक, आणि छटा कडेकडून आत जाते. कागाची खरी ओळख मात्र किड्याने खाल्लेल्या पानांची. हिरव्या पानावर लहानशी भोकं, त्यांच्या कडेला तांबूस-काळपट रंग. लग्नाच्या वस्त्रावर कीड लागलेलं पान काढायचं, ही हिंमत मला थोर वाटते. निसर्ग जसा आहे तसा पाहायचा हट्ट आणि दागिन्यांच्या ऐवजी निरीक्षणावर ठेवलेला भर, दोन्ही त्या एका भोकात आहेत. टोकियोचं हस्तचित्रित युझेन तिसरं. एदोच्या शहरी अभिरुचीचं, मोजक्या रंगांचं, बरंचसं काम एकाच माणसाकडून होणारं. युझेनसाई म्हातारपणी कानाझावाला आला आणि तिथल्या रंगाऱ्यांकडे राहिला असं परंपरा सांगते. १९७४ च्या पारंपरिक हस्तकला कायद्याखाली या तिन्ही घराण्यांना सरकारी मान्यता मिळाली आहे.

या परंपरेत परदेशाचा वाटा नव्हता असं समजू नये. गोव्याहून मकाओमार्गे नागासाकीला जाणारी पोर्तुगीज जहाजं आणि नंतरची डच जहाजं भारतातली रंगवलेली, छापलेली सुती कापडं घेऊन जात. जपानमध्ये त्या कापडांना सरासा म्हणतात. वेलबुट्टीच्या त्या नक्षी युझेनच्या नमुन्यांत मिसळल्या आणि आजही होमोंगींवर सापडतात.

मेइजी काळात, म्हणजे १८६८ नंतर, दोन गोष्टी एकदम घडल्या. दरबार टोकियोला गेल्याने क्योतोचं गिऱ्हाईक तुटलं, आणि युरोपातून कृत्रिम रंग आले. गोटफ्रीड वागेनर हा जर्मन रसायनज्ञ १८७८ मध्ये क्योतोत शिकवायला आला. हिरोसे जिसुके या कारागिराने कृत्रिम रंग थेट खळीत मिसळून कातरलेल्या कागदी साच्यातून लावण्याची रीत बसवली. इथून युझेनच्या दोन शाखा झाल्या. हाताने काढलेली आणि साच्याची. साच्याच्या युझेनला कमी लेखायची पद्धत आहे. पण एका नक्षीला शंभराहून अधिक साचे लागू शकतात, आणि ते एकमेकांवर तंतोतंत बसवणं हेही कसबच. शिवाय साच्यामुळेच मध्यमवर्गीय घरातली मुलगी फुलांचा किमोनो नेसू शकली.

त्याच काळात १५५५ पासून चालत आलेल्या चिसो या क्योतोच्या पेढीने संकटातून वाट काढली ती चित्रकारांना हाताशी धरून. किशि चिकुदो, इमाओ केइनेन यांच्यासारख्या नामवंतांकडून तिने नक्षीसाठी चित्रं करून घेतली. युझेन पुन्हा चित्रकलेच्या जवळ आली आणि प्रतिष्ठा परतली. पण त्याबरोबर एक समजही पक्का झाला की कला कागदावर घडते, कापडावर फक्त उतरवली जाते.

विसाव्या शतकाने या समजाला उत्तर द्यायचा प्रयत्न केला. १९५५ मध्ये जपानने हस्तकलेतल्या श्रेष्ठ कारागिरांना सन्मान द्यायला सुरुवात केली. लोक त्यांना जिवंत राष्ट्रीय ठेवा म्हणतात. पहिल्याच वर्षी युझेनमधून क्योतोचे ताबाता किहाची आणि उएनो तामेजी, कानाझावाचे किमुरा उझान, टोकियोचे नाकामुरा कात्सुमा निवडले गेले. आणि त्यांच्या जोडीला यामादा एइइचि, ज्यांचं काम खळीचं होतं. ज्यांनी ही निवड केली त्यांना या कलेचा कणा कुठे आहे हे नेमकं ठाऊक होतं.

त्यानंतरच्या पिढीत मोरिगुचि काको (१९०९–२००८) मला सर्वांत महत्त्वाचे वाटतात. त्यांनी खळीलाच चित्राचा विषय केला. खळीत जस्ताची भुकटी मिसळून ती बांबूच्या सालीवर वाळवायची, वाळलेला पापुद्रा चुरायचा आणि ते कण ओल्या रेशमावर विखरायचे. रंग चढवून धुतल्यावर कणांच्या जागी पांढरे ठिपके उरतात, आणि सबंध जमीन, म्हणजे पार्श्वभूमी, धुक्यासारखी, दवासारखी चमकते. विखरून खळ टाकायची कल्पना जुनीच होती, पण तिच्यावर त्यांनी मोठमोठ्या शेवंत्या आणि प्लमची झाडं उभी केली. त्यांचा मुलगा कुनिहिको (जन्म १९४१) पॅरिसला सजावटी कला शिकायला गेला. चित्रकार बाल्थुसशी त्याची मैत्री झाली आणि त्यानेच त्याला घरी परतायचा सल्ला दिला. परत येऊन कुनिहिकोने वडिलांची खळ उचलली, पण फुलं सोडली. त्याच्या किमोनोंवर चौकोन, षट्‌कोन, नागमोडी रेघा असतात, आणि त्या खांद्यापासून घेरापर्यंत हळूहळू आकार बदलत जातात. अंगाची गोलाई आली की भूमिती वळते, फुगते. वडिलांना १९६७ मध्ये आणि मुलाला २००७ मध्ये जिवंत राष्ट्रीय ठेव्याचा सन्मान मिळाला. मित्सुकोशी या दुकानाच्या खरेदीच्या पिशवीवर २०१४ पासून कुनिहिकोची नक्षी आहे.

कानाझावाचे फुतात्सुका ओसाओ यांनी वेगळ्या दिशेने तेच केलं. त्यांच्या लाटा आणि वारा जवळजवळ पूर्णपणे खळीच्या पांढऱ्या रेघांतूनच उभे राहतात. रंग मागे सरतो आणि रेघ बोलू लागते. २०१० मध्ये त्यांना सन्मान मिळाला. दुसऱ्या टोकाला हादा तोकिओ. त्यांचे मँडरिन बदक मोहक आणि लोकप्रिय, आणि १९८६ च्या दौऱ्यात राजकुमारी डायना हिला भेट दिलेला फुरिसोदे त्यांचाच. मला त्यांच्या गोडव्यापेक्षा फुतात्सुकांचा कोरडेपणा जास्त भावतो, पण पिसांवरच्या छटांत हादांचा हात धरणारा कुणी नव्हता.

कलेची ही उंची आणि धंद्याची उतरण एकाच काळातली आहे. क्योतोत १९७१ च्या सुमारास साच्याचं, यंत्राचं आणि हाताचं मिळून युझेनचं वर्षाचं उत्पादन दीड कोटी ताग्यांहून जास्त होतं. अलीकडे ते पाच लाखांच्याही खाली आलं आहे. हाताने काढलेलं काम त्यातला लहानसा भाग. लोक किमोनो भाड्याने घेतात, आणि संगणकाने छापलेला फुरिसोदे दुरून सुंदरच दिसतो. त्यावर खळीची पांढरी रेघसुद्धा छापलेली असते. रंगाला अडवायची गरज उरलेली नाही, तरी अडवल्याची खूण मात्र हवी आहे.

क्योतोची कामाची रचना या उतरणीत जास्त नाजूक ठरते. तिथे पंधरा-वीस टप्पे वेगवेगळ्या घरांत होतात. शिक्काइया नावाचा मध्यस्थ तागा एका दारातून दुसऱ्या दारात नेतो, कुणाचा हात कुठल्या नक्षीला शोभेल हे जाणतो, चूक झाली तर निस्तरतो. ही रचना भरात होती तेव्हा तिच्याइतकं उंच काम दुसरीकडे होत नसे, कारण प्रत्येक माणूस आयुष्यभर एकच गोष्ट करत असे. पण साखळीतला एक दुवा तुटला की बाकीचे कितीही निष्णात असोत, अडून बसतात. खळीच्या नळीची धातूची टोकं करणारा, ताणकाठीला सुया बसवणारा, हरणाच्या केसांचे रुंद कुंचले बांधणारा, वाफवणारा, धुणारा यांच्यापैकी प्रत्येक ठिकाणी माणसं कमी आणि वयस्कर आहेत. कानाझावा आणि टोकियोत एकच कलावंत बरेच टप्पे सांभाळतो, म्हणून ती घराणी थोडी तगून आहेत. पण ताणकाठ्या आणि कुंचले त्यांनाही विकतच घ्यावे लागतात.

सन्मानांची पद्धत या दुखण्यापर्यंत पोहोचत नाही, हा माझा आक्षेप आहे. ती व्यक्तीला उचलून धरते, आणि युझेनमध्ये व्यक्ती एकटी काहीच करू शकत नाही. १९५५ मध्ये खळीच्या कारागिराला चित्रकारांच्या शेजारी बसवलं गेलं, ती दृष्टी नंतर पुढे नेता आली असती. वाफवणाऱ्याचा, धुणाऱ्याचा, जमीन रंगवणाऱ्याचा तसा सन्मान झाला असता तर त्यांच्या मुलांनी ते काम कमी दर्जाचं मानलं नसतं.

कागा युझेनच्या घेरावर कलावंताची नोंदणीकृत मुद्रा असते, क्योतोच्या ताग्यावर संघटनेचा शिक्का. दोन्ही ग्राहकाला फसवणुकीपासून वाचवतात, पण काम कुणाकुणाचं हे सांगत नाहीत. काही लाख येन देऊन फुरिसोदे घेणाऱ्या घराला त्याची रेघ कुणी सोडली, रंग कुणी भरले, जमीन कुणी चढवली, तो कुठल्या हौदात धुतला गेला हे कळायला हवं. ती सगळी नावं ताग्याच्या टोकाच्या पट्टीवर मावतात. त्या पट्टीचं कापड शिवताना आतच दुमडलं जातं, नक्षीला कुठेही धक्का लागत नाही.